अनुभव धागा: नवीन पार्ट टाकला आणि पीसी चालूच होईना

भाच्याच्या पीसीत परवा नवीन ग्राफिक्स कार्ड बसवलं, पंखे फिरतायत, लायटी लागतायत आणि मॉनिटरवर 'नो सिग्नल'. निघालं काय, तर एचडीएमआयची वायर अजून मदरबोर्डच्याच पोर्टला होती, कार्ड टाकलं की बरेच बोर्ड ते पोर्ट आपणहून बंद करतात. असे किस्से सगळ्यांकडे असणार, येऊ द्यात. फक्त काय केल्यावर चालू झाला ते नक्की लिहा, नाहीतर अर्धे किस्से 'मग दुकानात नेला' इथेच संपतात.

* * *

माझा बोर्ड बी४५०, २०१९ मध्ये घेतलेला. रायझन ५ २६०० प्रोसेसर काढून ५६०० टाकला तर पंखा फुल स्पीडने, बाकी शून्य. दुकानदार म्हणे प्रोसेसर डेड असेल, कंपनीकडे पाठवा. पण जुना परत बसवला की मशीन व्यवस्थित चालू होतंय, मग डेड कसा? ५६०० आला २०२२ मध्ये आणि बोर्डात बायॉस (पीसी चालू करणारं बोर्डातलंच सॉफ्टवेअर) होतं २०१९ चं, त्याला हा प्रोसेसर माहीतच नाही. जुन्यावरच चालू करून पेनड्राइव्हवरून बायॉस अपडेट केलं, मग नवीन टाकला, पहिल्या झटक्यात चालू. अपडेट होताना लाइट गेली तर बोर्ड कामातून जाऊ शकतो, आमच्याकडे दुपारी लाइटीचा भरवसा नाही म्हणून शेजारच्या काकांच्या इन्व्हर्टरवरून एक्स्टेंशन ओढून घेतलेली, काकू विचारत होत्या एवढं काय ऑपरेशन चाललंय. आणि जुना प्रोसेसर आधीच विकू नका ओ! विकलाच असेल तर बोर्डाच्या मागे बायॉस फ्लॅशबॅकचं बटण आहे का बघा, ते प्रोसेसर नसतानाही चालतं.

* * *

वरच्याला पुरवणी. प्रोसेसर बदलल्यावर 'एफटीपीएम (प्रोसेसरमधला किल्ल्या जपून ठेवणारा भाग) रीसेट करू का, वाय की एन' असा मेसेज येतो तेव्हा घाईत वाय दाबू नका. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं फीचर) चालू असेल तर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. माझी मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह झालेली म्हणून वाचलो, तीही फोनवरून लॉगिन करून एकेक आकडा बघून टाइप केली.

* * *

लॅपटॉपवाल्यांसाठी: इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आय५ प्रोसेसरला साधी डीडीआर३ रॅम चालत नाही, डीडीआर३एल लागते, १.३५ व्होल्टवाली. दिसायला सेम, खाचेतही बसते, पण स्क्रीन काळी ती काळीच. स्टिकरवर पीसी३एल लिहिलंय का बघून घ्या, दुकानात 'एकच आहे सर' म्हणतात.

* * *

माझं जरा वेगळं. विंडोज जुन्या सॅटा एसएसडीवर (वायरने जोडायची डिस्क), तिला हातही लावला नाही, नुसती जास्तीची एम.२ (थेट बोर्डात खोचायची एसएसडी) टाकली गेम्ससाठी. चालू केलं तर 'बूट डिव्हाइस नाही'. एम.२ काढली की सगळं ठीक, परत टाकली की गायब, त्यामुळे वाटलं नवीनच खराब आहे आणि रिटर्नची रिक्वेस्ट पण टाकून झाली. मग रात्री बोर्डाचं मॅन्युअल वाचत बसलो, त्यात बारीक अक्षरात होतं की दुसऱ्या एम.२ स्लॉटमध्ये काही लावलं की सॅटाचे ५ आणि ६ नंबरचे पोर्ट बंद होतात. माझी विंडोजवाली नेमकी पाचवर. वायर एकवर लावली, झालं. सगळ्याच बोर्डांवर असं नसतं आणि कुठले पोर्ट जातात तेही वेगवेगळं असतं, आपापलं मॅन्युअल बघा.

* * *

रॅमचे पिन साफ करायला खोडरबर घासणारे कुणीच कसे आले नाहीत अजून 😀 जुन्या काळ्या पडलेल्या रॅमला ठीक आहे, पण कोऱ्या रॅमला कशाला? आधी काढून परत नीट दाबा, क्लिप 'टक' वाजली पाहिजे. तरी नाही झालं तर एकच रॅम ठेवून बघा, चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा.

* * *

आणि रायझन ७००० वाल्यांनो, डीडीआर५ टाकून पहिल्यांदा चालू करताय तर थांबा जरा. मेमरी ट्रेनिंग (बोर्ड नव्या रॅमशी जुळवून घेतं ते) चालतं, काही मिनिटं स्क्रीन काळी राहते. आमच्या चिरंजीवांनी तेवढ्यात चारदा बटण दाबून बंद केला, दर वेळी पहिल्यापासून सुरू. शेवटी त्याला जेवायला बसवलं, तोवर बायॉसची स्क्रीन आलेली.