अनुभव धागा : मोठेपणी सुंता झाल्यावर

गेल्या वर्षी, ३४व्या वर्षी, माझी सुंता झाली. कारण फायमोसिस. कातडी मागे सरकायची नाही, ओढली की चिरा पडायच्या. ऑपरेशनआधी मराठीत वाचायला काही सापडेना आणि मित्रांना विचारायची सोय नव्हती, म्हणून हा धागा. नाव नको, पण लाजून तपशील गाळू नका.

आधी माझं. कमरेत इंजेक्शन देऊन भूल दिली, संध्याकाळी घरी सोडलं. दुखणं गोळ्यांनी आटोक्यात राहिलं, पण पहाटेच्या ताठरतेची कल्पना कुणी दिली नव्हती. टाके ताणले जायचे आणि मी कळवळून उठायचो. लघवीला जाऊन यायचं, चार पावलं चालायचं, बस. टाक्यांखालची सूज पाहून पहिला आठवडा मी घाबरलेलाच होतो. घट्ट जांघियात लिंग पोटाकडे वर ठेवायला सांगितलं, त्याने उतार पडला. टाके विरघळून पडायला तीन आठवडे लागले.

पहिला महिना उघड्या शिश्नमुंडाला, म्हणजे लिंगाच्या टोकाला, लुंगीचा स्पर्शही सोसवेना. दीड महिन्यानंतर कापडाकडे लक्ष जाईनासं झालं. सुख वाढलं की कमी झालं, मला सांगता येत नाही. आधी चिरेच्या धास्तीने मी आखडूनच असायचो.

वय ५८, मधुमेह
साखर वाढली की बुरशीचा संसर्ग ठरलेला. डॅपाग्लिफ्लोझिन सुरू झाल्यावर तर फारच. त्या गोळीने साखर लघवीवाटे जाते. जखम भरायला सहा आठवडे लागले. काढलेली कातडी तपासणीला पाठवली होती, रिपोर्ट चांगला येईपर्यंत हिचा आणि माझा डोळ्याला डोळा लागला नाही. संवेदना थोडी बोथट झाली आहे. साखरेमुळे की ऑपरेशनमुळे, डॉक्टरांनाही ठाम सांगता आलं नाही.

वय २९
मला वाईट वाटतं आणि ते लिहायचंय. खालच्या बाजूला दोरीसारखी बारीक कातडी असते, माझी सगळ्यात नाजूक जागा तीच होती. ती काढली. आधी कुणी बोललं नाही, मलाही विचारायचं सुचलं नाही. तुम्ही विचारा : ती राहणार की जाणार?

पत्नी
आम्ही तिसऱ्याच आठवड्यात घाई केली. जखमेची कड उसवली, रक्त आलं, स्वच्छ कापड दाबून धरत दवाखाना गाठला. पुन्हा महिनाभर थांबलो. आता कोरडेपणा जाणवतो, मेडिकलमधून जेली आणतो.

धागाकर्ता
केनियात किसुमूला एचआयव्हीसंदर्भात प्रौढांच्या सुंतेची मोठी चाचणी झाली. दोन वर्षांनंतर त्यातल्या बऱ्याच जणांनी संवेदना वाढल्याचं सांगितलं. पण ते स्वखुशीने आलेले निरोगी तरुण होते. २९ वर्षांच्या मित्रा, तुझं दुःख त्या आकड्यांनी खोटं ठरत नाही. तुला किती महिने झाले?

वय २९
चार. जखमेचा व्रण अजून कडक आहे. पुढच्या तपासणीला हे सगळं कागदावर लिहून नेणार आहे, समोर बसलं की बोलवत नाही.