हॉटेलात ऑर्डर देताना "हे नको, ते नको": ग्राहकाचा हक्क की सगळ्यांना त्रास?

पानवाढ

सहा जणांचं टेबल. पाच जणांची ऑर्डर दोन मिनिटांत होते. सहावी ऑर्डर अशी: पनीर बटर मसाला, पण कांदा नको, लसूण चालेल, तिखट अगदी कमी, वर तेल दिसायला नको, आणि गोडही नको. बाकीचे पाच जण मेनूकार्डात डोकं घालून बसतात, वेटर पेन धरून उभा राहतो, मागच्या टेबलावरचे पाण्यासाठी हात वर करून थकतात.

माझं मत: हॉटेलात पदार्थ निवडायचा असतो, तो नव्याने रचायचा नसतो. कारण साधं आहे. पंजाबी भाजी आपली ऑर्डर गेल्यावर पहिल्यापासून शिजत नाही. सकाळीच मोठ्या पातेल्यांत ग्रेव्ह्या तयार होतात: कांदा-टोमॅटोची पिवळी, टोमॅटो-काजूची लाल माखनी, काजू-मगजाची (मगज म्हणजे खरबूज-कलिंगडाच्या सोललेल्या बिया) पांढरी, पालकाची हिरवी. ऑर्डर आली की कढईत तेल किंवा बटर, त्यात दोन डाव ग्रेव्ही, मग पनीर, मलई, कसुरी मेथी. सात-आठ मिनिटांत वाडगा बाहेर. ज्या ग्रेव्हीत कांदा सकाळीच वाटून गेला, त्यातून तो रात्री नऊ वाजता कसा काढणार?

ॲलर्जीचा विषय वेगळा, तिथे विचारलंच पाहिजे. पण निव्वळ आवडीनिवडीसाठी एकेका पदार्थाला चार-चार अटी लावणं मला अन्यायाचं वाटतं. कांदा नको असेल तर कांदा नसलेला पदार्थ मागवा. मेनूवर असे पदार्थ असतात.

जिरेमोहरी

पूर्ण असहमत. "मेनूवर असे पदार्थ असतात" म्हणता, पण ते मेनू वाचून कळणार कसं? "व्हेज कोल्हापुरी" एका हॉटेलात सुकं खोबरं आणि तीळ भाजून केलेलं असतं, दुसरीकडे त्याच पिवळ्या ग्रेव्हीत लाल तिखट आणि वर सुकी मिरची. "व्हेज मराठा"मध्ये काय असतं हे त्या हॉटेलातला वेटरसुद्धा आत विचारून येतो. जिथे नावावरून पदार्थ कळत नाही तिथे ग्राहकाने विचारायचंही नाही?

आणि ॲलर्जी इतक्या सहज वेगळी काढता येत नाही. ज्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे त्याला टेबलावर तेच ऐकावं लागतं जे नखरे करणाऱ्याला ऐकावं लागतं: "एवढं काय, एक दिवस खा की." कपाळावर पाटी लावून कुणी येत नाही. विचारणाऱ्याकडे एकदा सगळ्यांनी वाकड्या नजरेने पाहायला सुरुवात केली की खरी गरज असलेला माणूस पहिला गप्प होतो. आम्लपित्तवाले, कवळी बसवलेले आजोबा, तीन वर्षांचं मूल, मधुमेहामुळे बिनसाखरेचा चहा मागणारे, हे सगळे नखरेल ठरवायचे का?

शिवाय कितीतरी गोष्टी हॉटेलला काहीही खर्च न करता देता येतात. मिसळीचा कट वेगळ्या वाटीत. तंदुरी रोटी बिनबटरची. उत्तप्प्यावर मिरची न घालता. चटणी वेगळी. हे मागायला का लाजायचं?

भट्टीवाला

दोघांचंही अर्धं बरोबर आहे. कुठली मागणी रास्त आणि कुठली अशक्य हे स्वभावावर नाही, पदार्थ कसा बनतो यावर ठरतं. शेवटच्या दोन मिनिटांत पडणारी गोष्ट गाळता येते. वाटणात, पिठात किंवा मॅरिनेशनमध्ये गेलेली गाळता येत नाही. काउंटरनुसार सांगतो.

साउथ काउंटर: साध्या डोशाच्या पिठात तांदूळ, उडीद, थोडी मेथी. कांदा, मिरची, पोडी (डाळ-मिरचीची सुकी चटणी) वरून, त्यामुळे काहीही वगळा. रवा डोशात कांदा बहुधा आधी तव्यावर पसरतात आणि त्यावर पीठ ओततात, म्हणून कांदा टळतो. पण मिरची, आलं, जिरं, मिरी पिठातच असतात. "रवा डोसा, मिरची नको" ही ऑर्डर पूर्ण होऊच शकत नाही. मेदूवड्याचंही तसंच. मसाला डोशाची भाजी सकाळीच झालेली असते, तिच्यातून कांदा निघत नाही.

तंदूर: चिकनला लिंबू, मीठ, तिखट, आलं-लसूण लावून मग दह्यात काही तास ठेवलेलं असतं. "तंदुरी, पण लसूण नको" हे विसरा. तिखट कमी हवं असेल तर मलाई टिक्का मागवा, त्यात लाल तिखट जवळजवळ नसतं.

बिर्याणी: दमवर लागलेल्या हंडीतून तुमच्यापुरती कमी तिखट प्लेट निघत नाही. वरचा भात जास्त आणि मसाला कमी, एवढंच करता येतं. तसं सांगितलंत तर वाढणारा ऐकतो.

चायनीज: सगळ्यात लवचिक हाच काउंटर. हाका नूडल्समध्ये लसूण तेलात पहिल्यांदा पडतो, तो वगळणं सोपं. शेझवानमध्ये मात्र चटणीच लसूण-मिरचीची, आणि मंच्युरियनचे गोळे आधी तळून ठेवलेले. "अजिनोमोटो नको" म्हटल्यावर चमचाभर पांढरी पूड टळते, पण सॉस आणि स्टॉक पावडरीत ते आधीच असू शकतं. पूर्ण टाळायचं असेल तर चायनीज टाळा.

आता तिखट, ज्यावरून सगळ्यात जास्त वाद होतात. तिखट वाढवता येतं, कमी करता येत नाही. ग्रेव्हीत मलई, काजूपेस्ट किंवा साखर घालून ते फक्त झाकता येतं. म्हणून "कमी तिखट" मागितल्यावर भाजी गोड आणि पांढरट येते आणि ग्राहक दुसऱ्यांदा चिडतो. शिवाय लाल रंग म्हणजे तिखट नव्हे. ब्याडगी आणि काश्मिरी मिरची रंग देतात, जाळ कमी. उलट हिरव्या मिरचीच्या ठेच्यातली फिकट भाजी घसा जाळते. लहान मूल बरोबर असेल तर "कमी तिखट" म्हणू नका, "मिरची आधीच न पडलेलं काय आहे?" असं विचारा. दाल फ्रायऐवजी साधं वरण-भात, कोल्हापुरी थाळीत तांबड्याऐवजी पांढरा रस्सा. पांढऱ्यातही मिरी आणि आलं-लसूण असतं, पण मुलं तो पितात.

पानवाढ

भट्टीवाल्यांनी माझाच मुद्दा तपशिलात मांडला. फक्त हे सगळं शंभरातल्या किती ग्राहकांना माहीत असतं? ज्याला माहीत नाही तो अशक्य गोष्ट मागतो, वेटर "हो" म्हणतो, आणि ताट आल्यावर भांडण.

वेळेचंही बोला. रविवारी दुपारी एक ते अडीच आणि रात्री साडेआठ ते दहा या वेळात एका कढईवर ओळीने ऑर्डरी लागलेल्या असतात. एक भाजी कांद्याशिवाय टोमॅटो आटवून पहिल्यापासून करायची तर वीस मिनिटं जातात आणि ती कढई अडते. त्याची किंमत शेजारच्या टेबलावरची म्हातारी माणसं मोजतात.

ओसरी

जैन जेवणाचा विषय कुणीच काढला नाही म्हणून लिहिते. मुंबई-पुण्यातल्या बहुतेक शाकाहारी हॉटेलांनी हा प्रश्न कधीच सोडवलाय. तिथे जैन ग्रेव्ही वेगळ्या पातेल्यात असते: टोमॅटो, काजू, मगज, हिंग. पावभाजीत बटाट्याऐवजी कच्ची केळी, तवा वेगळा. आल्याऐवजी सुंठ. म्हणजे गिऱ्हाईक पुरेसं असेल तर किचन सगळं करू शकतं. मग "होत नाही" हे तांत्रिक उत्तर नाही, ते हिशेबाचं उत्तर आहे.

पण मागणाऱ्यांनीही शब्द नेमके वापरावेत. फक्त कांदा-लसूण नको असलेले बरेच लोक सोय म्हणून "जैन" सांगतात, आणि मग भाजीत बटाटा-गाजर नाही म्हणून तक्रार करतात. याच्या उलट, ज्यांना खरोखर जैन हवं ते "कांदा-लसूण नको" एवढंच सांगतात आणि ताटात बटाटा येतो. स्वामिनारायण परंपरेत कांदा-लसणाबरोबर हिंगही वर्ज्य, पण बटाटा चालतो, त्यांना "जैन" ग्रेव्ही दिली तर तिच्यात हिंग हमखास. उपासाचं तर घरागणिक वेगळं. कुणाला कोथिंबीर चालते, कुणाला नाही. कुणाला साधं मीठ चालतं, कुणाला सैंधवच लागतं. साबुदाणा खिचडी मोठ्या परातीत एकदम होते, त्यामुळे विचारायचं ते मागवण्याआधी.

आणि "कांदा बाजूला काढून खा" हा सल्ला कृपा करून कुणाला देऊ नका. ज्याच्यासाठी तो श्रद्धेचा प्रश्न आहे त्याच्यासाठी तो पदार्थ संपलेला असतो.

जिरेमोहरी

ओसरी, हिशेबाचा मुद्दा अगदी योग्य. मग तोच हिशेब ॲलर्जीला का लागू होत नाही?

आपल्याकडे शेंगदाणा कुठे नसतो ते सांगणं सोपं. कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, साबुदाण्यात कूट, सुक्या चटणीत दाणे, फरसाणात दाणे. काही ठिकाणी काजू महाग म्हणून ग्रेव्हीतही दाणे वाटतात. तीव्र ॲलर्जी असलेल्याला चमचाभर कूटही दवाखान्यात पोचवू शकतं. अशा माणसाने कसं विचारायचं, हे शिकण्यासारखं आहे.

एक, पदार्थ निवडण्याआधी सांगा, निवडल्यावर नाही. दोन, वेटरला नाही, कॅप्टनला किंवा काउंटरवर सांगा. तीन, "यात दाणे नाहीत ना?" असं कधीच विचारू नका, त्याचं उत्तर "नाही नाही" असंच येतं, कारण विचारणाऱ्याला तेच ऐकायचंय हे समोरच्याला कळतं. "यात काय काय पडतं? वाटणात काय असतं?" असं विचारा. उत्तर देताना तो अडखळला तर तो पदार्थ सोडून द्या. चार, केओटीवर, म्हणजे किचनला जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर, लिहून घ्या आणि परत वाचायला सांगा. तोंडी निरोप किचनच्या दारापर्यंत जातो आणि तिथेच हरवतो. पाच, ताट आल्यावर पहिल्या घासाआधी पुन्हा विचारा, कारण वाढणारा माणूस बहुतेक वेळा दुसराच असतो, आणि दाण्याची चटणी तो सवयीने कडेला ठेवतो.

या पाचांत सहा-सात वाक्यं बोलावी लागतात. पानवाढ, टेबलावरच्या बाकीच्यांनी तेवढा वेळ मेनूकार्डात डोकं घालून बसायला माझी हरकत नाही.

माडाची सावली

मालवण आणि गोव्याकडचं थोडं. कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असलेले लोक "मी फक्त सुरमई घेतो" म्हणून निश्चिंत होतात. ते पुरेसं नाही. रवा लावलेली सुरमई आणि रवा लावलेली कोळंबी एकाच तव्यावर, एकाच तेलात होते. गोव्यात थाळीबरोबर किसमूर येतं, त्यात सुकी सुंगटं, म्हणजे सुकी कोळंबी, असतात आणि ते न मागता पानात पडतं. आधी सांगायचं: "किसमूर वाढू नका, मासा धुतलेल्या तव्यावर करा." गर्दीच्या वेळी दुसरं होईलच असं नाही, मग तळलेला नको, हुमण (माशाची आमटी) घ्या, पण ते कोळंबीच्या आमटीतला डाव बुडवून वाढलेलं नसावं हेही बघा.

लसूण टाळणाऱ्यांनी सोलकढीही विचारून घ्यावी. बऱ्याच ठिकाणी नारळाबरोबर लसूण आणि हिरवी मिरची वाटलेली असते.

आणि गव्हाची, म्हणजे ग्लूटेनची अडचण असलेल्यांसाठी: पोळी टाळून भागत नाही. बाजारातल्या बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो, आणि हिंग वरणात, सांबारात, जैन ग्रेव्हीत सगळीकडे पडतो. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो. थालीपिठाच्या भाजणीत बहुधा गहू असतो. भाकरी ज्वारीची असली तरी परात कुठली हे विचारावं लागतं. हे वेटरला माहीत असण्याची शक्यता फार कमी, म्हणून "हिंगाशिवाय फोडणी" असं थेट सांगावं. "ग्लूटेन" शब्द वापरून काही उपयोग होत नाही.

पानवाढ

ॲलर्जीबद्दल वाद नाही, तो सुरुवातीलाच नव्हता. हिंगाचं मात्र माहीत नव्हतं, धन्यवाद.

पण आवडीनिवडीवर माझा मुद्दा कायम आहे, आणि तो परत पाठवण्यालाही लागू होतो. भाजी खारट, कच्ची, थंड, शिळा वास, केस, सांगितलेलं सोडून दुसरंच आलेलं: दोन घासांत परत पाठवा, त्यात संकोच नको. अर्धा वाडगा संपवून "आम्हाला वेगळं वाटलं होतं" म्हणून परत पाठवणं गैर आहे. त्या वाडग्याचे पैसे अनेक ठिकाणी मालक वेटरकडून वळते करतात. ते अयोग्यच, पण होतं.

दुसरं, जो बिल देणार आहे त्याची अडचण. पाहुण्यांना जेवायला नेलं आणि एकाने वेटरशी दहा मिनिटं वाद घातला तर यजमानाची मान खाली जाते. ज्याला अटी आहेत त्याने त्या यजमानाला आदल्या दिवशी फोनवर सांगाव्यात. हॉटेल त्याप्रमाणे निवडता येतं.

भट्टीवाला

आदल्या दिवशीचा मुद्दा उत्तम. हॉटेललाही दुपारी तीन ते सहाच्या मधे फोन करा. तेव्हा वस्ताद, म्हणजे मुख्य आचारी, रिकामा असतो, रात्रीच्या ग्रेव्हीची तयारी चालू असते, आणि वाटीभर टोमॅटो-काजू कांद्याशिवाय बाजूला काढून ठेवणं दोन मिनिटांचं काम असतं. तेच रात्री नऊला मागितलं तर वीस मिनिटांचं.

वेटर सगळ्याला "हो" का म्हणतो, याचंही उत्तर द्यायला हवं. त्याला "नाही" म्हणायची परवानगी नसते. टेबल गेलं तर मालक त्याला बोलतो, आणि भाजी परत आली तरी त्यालाच. शिवाय बरीच मुलं गावाहून नुकती आलेली, मराठी-हिंदी कामापुरती, वाटणात काय आहे हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. मालकाने एका वहीत प्रत्येक ग्रेव्हीसमोर दाणे, काजू, दूध, गहू, तीळ, हिंग असं लिहून काउंटरवर ठेवली तर निम्मे वाद तिथेच मिटतील. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंग नियमांनी केंद्रीय परवाना असलेल्या किंवा १० आणि त्याहून जास्त ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांना कॅलरी आणि ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणं घालून दिलंय. नाक्यावरच्या एकट्या हॉटेलला ते बंधन नाही, पण वही ठेवायला कायदा लागत नाही.

ओसरी

वही ठेवली तर जास्तीचे पैसे लावतील का, हा माझा पुढचा प्रश्न. जैन भाजीला काही ठिकाणी वीस-तीस रुपये वाढवून लावतात आणि ते बिलावर आल्यावरच कळतं. वेगळं पातेलं आहे, वेगळा डाव आहे, तर वाढीव दर मला मान्य आहे. फक्त तो मेनूकार्डावर छापलेला हवा.

जिरेमोहरी

आवडीसाठी वाढीव दर घ्या, हरकत नाही. ॲलर्जीसाठी एक रुपयाही नको. "दाणे घालू नका" याचे पैसे लावणारं हॉटेल असेल तर तिथून उठून यावं.

पानवाढ

यावर सहमत. पण मग कुठली मागणी आवडीची आणि कुठली गरजेची हे हॉटेलने ओळखायचं कसं? म्हणूनच म्हणतो, गरज असेल तर "ॲलर्जी आहे" हे शब्द पहिल्या वाक्यात बोला, आणि गरज नसताना ते शब्द वापरू नका. नावडत्या वांग्याला ॲलर्जी म्हणणाऱ्यांमुळे किचनमध्ये खऱ्या ॲलर्जीची चिठ्ठीही कुणी मनावर घेत नाही.