पुन्हा पुन्हा पाहावा असा युद्धपट : ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’

या धाग्यावर एकाच चित्रपटाविषयी अनुभव लिहिण्याचे निमंत्रण आहे. डेव्हिड लीन यांचा १९५७ सालचा हा चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी एकाहून अधिक वेळा पाहिलेला असेल. सयामच्या (आजच्या थायलंडच्या) जंगलात जपान्यांच्या कैदेत असलेली ब्रिटिश पलटण, तिचा हट्टी प्रमुख कर्नल निकल्सन, छावणीचा अधिकारी कर्नल सायतो आणि कैद्यांकडून बांधून घेतला जाणारा रेल्वेपूल एवढ्या सामग्रीवर तो उभा आहे. प्रत्यक्ष लढाई त्यात फार थोडी आहे. तरीही ज्यांच्याशी या चित्रपटाविषयी बोलणे झाले, त्यांतील बहुतेकांचे निकल्सनविषयीचे मत वयाबरोबर बदललेले आढळले. आपण पहिल्यांदा कोणाच्या बाजूने होता आणि आज कोणाच्या बाजूने आहात, हे कारणांसह लिहावे. शेवट उघड करण्यास हरकत नाही.

सुरुवात मीच करतो. माझी नोकरी कोकणातील खाड्यांवर पूल बांधण्यात गेली. नोकरीला लागण्यापूर्वी हा चित्रपट पाहिला तेव्हा शिट्टीवर वाजणारी कूच-धून आणि शेवटचा स्फोट एवढेच मनात राहिले होते. कामात मुरल्यानंतर पाहिला तेव्हा मधला भाग दिसू लागला. रीव्ह्ज हा भारतात पूल बांधलेला अभियंता अधिकारी निकल्सनला सांगतो, की जपान्यांनी निवडलेल्या जागी नदीचा तळ गाळाचा आहे, तिथे खांब कितीही ठोकले तरी ते आगगाडीचा भार पेलणार नाहीत आणि पूल प्रवाहाच्या खालच्या अंगाला हलवावा लागेल. त्यानंतरची बैठक मी दर वेळी लक्ष देऊन पाहतो. छावणी सायतोची, टेबल सायतोचे, पण निकल्सन एकेक मुद्दा शांतपणे मांडत संपूर्ण काम स्वतःच्या हाती घेतो आणि आपल्याच जवानांचे रोजचे कामाचे प्रमाण वाढवून मोकळा होतो. कैद्याने मांडलेल्या प्रत्येक मुद्द्याला मान तुकवण्याखेरीज सायतोकडे काही उरत नाही.

याच भागात रीव्ह्ज सांगतो, की इथली झाडे एल्मच्या लाकडासारखी आहेत आणि लंडन ब्रिजचे एल्मचे खांब ६०० वर्षे टिकले होते. ते ऐकताना निकल्सनच्या चेहऱ्यावर जे उमटते ते मला परके वाटत नाही. पूल कोणासाठी, हा प्रश्न कामात बुडालेल्या माणसाला रोज पडत नाही. त्याच्यापुढे ओहोटीची वेळ, सिमेंट पोहोचले की नाही, पावसाळ्यापूर्वी पाया पाण्याच्या वर येईल की नाही, असे प्रश्न असतात आणि ते सोडवता सोडवता काम स्वतःचे होऊन जाते. त्यामुळे निकल्सनला देशद्रोही म्हणणे मला जमत नाही, आणि निर्दोष तर मुळीच म्हणता येत नाही. पूल पुरा झाल्यावर तो संध्याकाळी कठड्याशी उभा राहून सायतोला सांगतो, की उद्या सेवेची २८ वर्षे पूर्ण होतील, या काळात घरी राहणे जेमतेम दहा महिने झाले असेल आणि आपले भारतावर प्रेम आहे. त्या वेळी त्याच्या हातातली छडी पाण्यात पडते. निवृत्तीनंतर तो प्रसंग मला चित्रपटाचा गाभा वाटू लागला आहे.

सातारा जिल्ह्यातून, निवृत्त सुभेदार

अभियंता साहेबांचे लिखाण वाचून आनंद झाला, परंतु सैनिकाच्या नजरेने काही सांगणे आवश्यक वाटते. चित्रपटाच्या पहिल्या अर्ध्या भागात निकल्सन पूर्णपणे योग्य आहे, असे माझे ठाम मत आहे. फाटक्या बुटांनिशी पलटण पाय मिळवत छावणीत येते, कारण कैदेत पडलेल्या तुकडीला माणूस म्हणून टिकवून धरणारी गोष्ट शिस्तच असते. सायतो अधिकाऱ्यांनाही अंगमेहनतीच्या कामावर जुंपू पाहतो तेव्हा निकल्सन युद्धकैद्यांच्या वागणुकीविषयीच्या जिनिव्हा कराराची प्रत पुढे करतो, आणि तीच प्रत त्याच्या तोंडावर मारली जाते. त्यानंतर त्याला पत्र्याच्या तापलेल्या खोपटात कोंडले जाते. तो खोपटातून बाहेर येतो तेव्हा पाय धड पडत नसूनही तो ताठ चालण्याचा प्रयत्न करतो, ते दृश्य मी आमच्या तरुण मुलांना मुद्दाम दाखवतो.

यानंतरची गोष्ट मात्र फारशी कोणी बोलून दाखवत नाही. पुलाची मुदत जवळ येते आणि माणसे अपुरी पडू लागतात तेव्हा हाच निकल्सन आपल्या अधिकाऱ्यांना अंगमेहनतीच्या कामाला लावतो. ज्या तत्त्वासाठी तो मरायला तयार होता, ते तत्त्व तो कोणीही न मागता स्वतःहून सोडून देतो, आणि त्याची खंत त्याच्या तोंडून एका शब्दानेही व्यक्त होत नाही. त्यावरही न थांबता तो रुग्णालयात जाऊन आजारी जवानांना हलक्या कामासाठी उठवतो. आजारी जवानाला बिछान्यातून उठवणाऱ्या अधिकाऱ्याच्या बाजूने मी उभा राहू शकत नाही, मग तो कितीही शूर असो.

नागपूरहून, डॉक्टर

सुभेदार साहेबांनी उल्लेखिलेला रुग्णालयाचा प्रसंग मला फार अस्वस्थ करतो, कारण त्या प्रसंगात माझा समव्यवसायी उपस्थित असतो. मेजर क्लिप्टन हा डॉक्टर निकल्सनला विचारतो, की आपण जे करतो आहोत ते शत्रूला साहाय्य ठरणार नाही काय? त्यावर निकल्सन त्याला उलट विचारतो, की सायतोवर शस्त्रक्रिया करायची वेळ आली, तर तू ती मन लावून करशील की त्याला मरू देशील? क्लिप्टनपाशी याचे उत्तर नसते. विद्यार्थिदशेत मलाही निकल्सनचा तो युक्तिवाद बिनतोड वाटला होता. आज वाटतो तो चलाख. शस्त्रक्रियेच्या टेबलावरचा शत्रू युद्धातून बाजूला झालेला असतो. पुलावरून जाणारी गाडी मात्र सैन्य आणि दारूगोळा घेऊन थेट युद्धाकडेच निघालेली असते. ही दोन कामे सारखी नाहीत, आणि क्लिप्टनने हे तिथेच सांगायला हवे होते, असे मला दर वेळी तळमळीने वाटते. उद्घाटनाच्या दिवशी तो समारंभात सामील न होता टेकडीवरून पाहणे पसंत करतो, आणि सगळा वेडेपणा आहे हे अखेरीस त्याच्याच तोंडून निघते. चित्रपट संपेपर्यंत विवेक शाबूत राहिलेला तो एकटाच आहे, पण त्याच्या विवेकाचा कोणालाही उपयोग झालेला नाही.

पुण्याहून, इतिहासाची शिक्षिका

हा चित्रपट मला अतिशय प्रिय आहे आणि तरीही त्याच्याविषयी माझी तक्रार आहे. खरा पूल जिथे आहे त्या थायलंडमधील कांचनाबुरी येथे प्रत्यक्ष जाऊन आल्यावर ती अधिक तीव्र झाली. बान पोंगपासून ब्रह्मदेशातील थानब्यूझायतपर्यंतचा सुमारे ४१५ किलोमीटरचा लोहमार्ग जपान्यांनी १९४२-४३ मध्ये बांधून घेतला. त्यावर दोस्त राष्ट्रांचे सुमारे ६०,००० युद्धकैदी राबले आणि त्यांतील १२,००० हून अधिक उपासमार, पटकी, हिवताप व मारहाण यांनी मेले. पडद्यावरचे कैदी या मानाने धडधाकट दिसतात.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. कांचनाबुरीजवळच्या छावणीतील खरे ब्रिटिश प्रमुख लेफ्टनंट कर्नल फिलिप टूसी हे होते. आपल्या माणसांचे प्राण वाचावेत यासाठी त्यांनी जपान्यांशी सतत वाटाघाटी केल्या, आणि दुसरीकडे कामात शक्य तितका बिघाड करू दिला. लाकडी बांधकामात वाळवी सोडणे, काँक्रीट मुद्दाम वाईट कालवणे असे प्रकार कैद्यांनी केल्याचे नोंदलेले आहे. त्यामुळे चित्रपट पाहून अनेक माजी कैदी संतापले, हे स्वाभाविकच होते. तिथला आजचा पूल लाकडी नसून पोलादी आहे. १९४५ मध्ये बॉम्बहल्ल्यात त्याची मोडतोड झाली, आणि कमानदार भागांच्या मध्ये दिसणारे सरळ भाग युद्धानंतर बसवलेले आहेत. त्या पुलावरून अजूनही गाडी जाते. युद्धस्मशानात जवळजवळ सात हजार थडगी एकसारख्या रांगांत आहेत. त्यांवर कोरलेली वये वाचत पुढे जाणे फार कठीण होते. तिथून आल्यावर चित्रपट पुन्हा लावला, तेव्हा निकल्सनची व्यक्तिरेखा मला पूर्वीइतकीच भेदक वाटली. फक्त ती टूसींची नव्हे, हे माझ्या विद्यार्थ्यांना आधी सांगितल्याशिवाय मी आता चित्रपट दाखवत नाही.

क्वालालंपूरहून

वरील आकड्यांत एक भर घालणे मला कर्तव्य वाटते. त्या लोहमार्गावर युद्धकैद्यांपेक्षा कितीतरी अधिक आशियाई मजूर होते, आणि त्यांच्या मृत्यूंचा अंदाज ९०,००० च्या आसपास केला जातो. त्यांत मलायातील रबराच्या मळ्यांवरून नेलेले तमिळ मजूर मोठ्या संख्येने होते. आमच्या शेजारच्या तमिळ कुटुंबात पणजोबा ‘सयामच्या रुळांवर’ गेले, एवढेच सांगितले जाते. ते कुठे मेले, कुठे पुरले, याची कोणतीही नोंद नाही. पडद्यावर या माणसांचा मागमूस नाही. हा चित्रपट मी आवडीने पाहते, पण त्या कुटुंबासोबत बसून पाहणे मला शक्य झालेले नाही.

मुंबईहून, नाट्यप्रशिक्षक

सर्वांनी निकल्सनविषयी लिहिले, म्हणून सायतोविषयी लिहितो. सेस्सू हायाकावा यांचा हा अभिनय केवळ क्रूर जेलरचा नाही. पूल मुदतीत झाला नाही तर आपल्याला आत्महत्या करावी लागेल, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. अखेर १९०५ मधील रशियावरच्या जपानी विजयाचा वर्धापनदिन असल्याचे निमित्त करून तो अधिकाऱ्यांना अंगमेहनतीतून सूट देतो, बाहेर ब्रिटिशांचा जल्लोष चालू असतो आणि आत हा माणूस एकटा रडत असतो. विद्यार्थ्यांना मी तो प्रसंग आवाज बंद करून दाखवतो. निकल्सन साकारणारे ॲलेक गिनेस यांना ऑस्कर मिळाले ते योग्यच होते, परंतु हायाकावा यांच्या पराभवाशिवाय निकल्सनचा विजय उभाच राहिला नसता.

कोल्हापूरहून

चित्रीकरण श्रीलंकेत कितुलगला येथे केळणी नदीवर झाले होते. तिथे आता पूल नाही, पायाचे काही अवशेष तेवढे दिसतात. परंतु त्या काठावर उभे राहिल्यावर शेवटच्या प्रसंगातील अंतरे नीट समजतात आणि छावणीतून निसटून पूल उडवण्यासाठी परत आलेल्या शिअर्स या अमेरिकनाला नदी ओलांडायला लागलेला वेळ किती जीवघेणा होता ते कळते.

नाशिकहून, पटकथालेखनाची विद्यार्थिनी

या पटकथेचे ऑस्कर मूळ कादंबरीचे फ्रेंच लेखक पिएर बूल यांच्या नावे गेले, कारण ती प्रत्यक्ष लिहिणारे मायकेल विल्सन आणि कार्ल फोरमन हे दोघेही तेव्हा हॉलिवूडच्या काळ्या यादीत, म्हणजे साम्यवादाच्या संशयावरून काम नाकारलेल्यांच्या यादीत होते. १९८४ मध्ये त्यांना हे श्रेय मिळाले तेव्हा विल्सन हयात नव्हते.

या दोघांनी केलेला मोठा बदल शेवटात आहे. कादंबरीत पूल उभाच राहतो. चित्रपटात रात्रीतून नदीचे पाणी उतरते, स्फोटकांची तार उघडी पडते, ती निकल्सनलाच दिसते आणि स्वतःच्या बाजूच्या माणसांना अडवण्यासाठी तोच धावतो. शिअर्सला ओळखल्यावर ‘मी हे काय केले’ असे उद्गार त्याच्या तोंडून निघतात, तोफगोळ्याने जखमी होऊन तो लडखडतो आणि स्फोटाच्या दट्ट्यावर कोसळतो. हे पडणे जाणूनबुजून आहे की नाही, हे पाहण्यासाठी मी तो भाग थांबवून थांबवून पाहिला आहे. माझ्या मते ते अजाणतेपणी आहे. त्याने ठरवून पूल उडवला असता तर त्याच्या सर्व चुका त्या एका कृतीने धुऊन निघाल्या असत्या, आणि लेखकांना त्याला इतकी सोपी सुटका द्यायची नव्हती. सुभेदार साहेबांचे याविषयी काय मत आहे, हे वाचायला आवडेल.

निवृत्त सुभेदार, सातारा जिल्हा

ताई, आपला विचार समजला, तरी मला तो पटत नाही. स्वतःची चूक उमगल्यानंतर त्याची पावले दट्ट्याच्या दिशेनेच पडतात. भान हरपलेला जखमी माणूस कोणत्याही दिशेला गेला असता. मी वर लिहिले आहे की दुसऱ्या अर्ध्या भागात मी निकल्सनच्या बाजूने नाही. या शेवटच्या काही पावलांपुरता मात्र मी पुन्हा त्याच्या बाजूने आहे.