प्रोबेशनवर सुटलेला नवरा धमक्या देतोय, तक्रार कुणाकडे?

साखळीवाट: ४९८अ (बायकोचा छळ) खाली दोषी ठरलेल्या नवऱ्याला कोर्टाने वर्षभर देखरेखीच्या अटीवर बाँडवर (हमीपत्रावर) सोडलंय. बायको माहेरी, डिचोलीला. व्हॉट्सॲपवर धमक्या चालूच. परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याकडे जायचं की संरक्षण अधिकाऱ्याकडे? शिवाय तो बोटीवर कामाला जाणार म्हणे.

काळाडगला: दोघे वेगळे. परिवीक्षा अधिकारी १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचा, त्याचं काम दोषी माणसावर नजर ठेवणं. संरक्षण अधिकारी २००५ च्या घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याचा, तो बाईसाठी.

आधी आदेशाची आणि बाँडची नक्कल काढा. त्यात नुसतं ‘वर्तणूक चांगली ठेवीन’ असेल तर परिवीक्षा अधिकाऱ्याला कलम ८ खाली अटी वाढवून मागता येतात: फोन नाही, मेसेज नाही, मुलांकडून निरोप नाही, दारू नाही. अट मोडल्याचं कोर्टाला कळवायला त्याच्याच अहवालाची वाट बघायची गरज नाही, कलम ९ खाली बाईही थेट अर्ज करू शकते. मात्र पहिल्या खेपेला कोर्ट ५० रुपयांपर्यंतच्या दंडावरही सोडू शकतं (हो, पन्नासच!), नाहीतर मूळ गुन्ह्याची शिक्षा.

म्हणून २००५ च्या कायद्याखाली संरक्षण आदेशही घ्याच. तो मोडला तर कलम ३१: एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि गुन्हा अजामीनपात्र. धमकीची पोलीस तक्रार वेगळी.

फिल्डवरची: देखरेख फसते ती भेटीच्या पद्धतीमुळे. आधी फोन करून गेलं की माणूस आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलेला, आई म्हणते ‘आता सुधारलाय’, आणि तेच अहवालात. अधिकाऱ्याने न कळवता, पगाराच्या संध्याकाळी जावं. बायकोशी वेगळं बोलावं, आणि तिने काय सांगितलं ते त्याच्या कानावर जाता कामा नये. व्यसनासाठी बांबोळीच्या मनोरुग्णालयात पाठवलं असेल तर तोंडी ‘जातो’ चालत नाही, केसपेपरवरच्या तारखा बघाव्या. दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवण्याची घाई तर अजिबात नको.

मेसेज पुसू नका, तोच मोबाईल जपून ठेवा. नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत, भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

काळाडगला: बोटीचं राहिलं. बाँडमध्ये राहण्याच्या जागेची अट असेल तर त्याला आधी कोर्टातून ती बदलून घ्यावी लागेल. तिथे हरकत घ्या, कारण समुद्रावर देखरेख कागदावरच उरते. तरीही परवानगी मिळालीच तर पोटगीसाठी २००५ च्याच कायद्याचं कलम २०(६) वापरा: आदेश होऊनही नवरा देत नसेल तर त्याच्या पगारातला भाग थेट तिला द्यायचा हुकूम दंडाधिकारी मालकाला देऊ शकतात. कंपनीचं नाव आणि कराराची प्रत तो जहाजावर चढण्याआधीच मिळवा.