थोरलं गौरी-गणपतीला घरी येणार आहे, काय म्हणून हाक मारू?

काजबटण | २८ ऑगस्ट २०२३, रात्री ११.४०

नमस्कार. इथं आजवर नुसत्या पाककृती वाचत आले. लिहिते पहिल्यांदाच, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी कोल्हापूर जिल्ह्यातली. घरातच शिलाईकाम करते, ब्लाउज, फॉल-पिको, शाळांचे गणवेश. यजमान साखर कारखान्यात. आमचं थोरलं २४ वर्षांचं, पुण्यात नोकरीला. धाकटा बारावीला. घरात सासूबाई, वय ७८.

मे महिन्यात थोरलं सुट्टीला आलं होतं. मी गणवेशाच्या कॉलरी पलटत बसले होते. थोरलं येऊन कापडाच्या गठ्ठ्यावर बसलं आणि म्हणालं, "आई, मी मुलगी नाही. कधीच नव्हतो." मी "बरं" म्हटलं आणि कॉलर पलटत राहिले. खरं सांगते, त्या 'नव्हतो'चं मला काही वाटलंच नाही. आमच्याकडं बायका-पोरी सगळ्याच 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. माझी आई म्हणायची, मीही बोलताना म्हणते, इथं लिहायचं म्हणून 'आले-गेले' लिहितेय. पुण्याच्या हॉस्टेलवर पोरी हसायच्या, 'तू जातो का म्हणतेस?' थोरलं सांगायचं, आम्ही कोल्हापूरचे. चार वर्षं सगळं कोल्हापूरच्या नावावर खपलं.

आता मागचं एकेक आठवतं. चौथीत गणवेश शिवताना "मला पोरांच्या बाजूची बटणं लाव" म्हणून हट्ट केला होता. (पुरुषी शर्टाला बटणं उजव्या पट्टीवर येतात, काजं डावीकडं. बायकांच्या उलटं.) मी लावली. म्हटलं, कोण बघतंय.

जूनमध्ये ओळखीच्या एका डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, लग्न करून टाका, सहा महिन्यांत सरळ होईल. तेव्हापासून थोरलं फोनवर हो-नाही एवढंच बोलतं. त्याच खेपेला शर्टाच्या आत छातीवर क्रेप बँडेज आवळलेलं दिसलं. मापं घ्यायची सवय, नजर जातेच.

आता २१ सप्टेंबरला गौरी. नदीवरनं तेरड्याची गौर दरवर्षी थोरलंच आणायचं, उंबऱ्यावर पायांवर पाणी मी घालायची. या वर्षी काय करायचं? हाक काय म्हणून मारायची? ह्यांच्याकडं विषय काढला की उठून गोठ्यात जातात. मला रडू आलं की मी मशीन चालू करते, आवाजात कळत नाही. कुणाशी बोलावं ते सांगा. कायद्याचे कागदबिगद असतात म्हणे, तेही सांगा.

---

दुपारचा_चहा | २९ ऑगस्ट २०२३, दुपारी ३.१५

काकू, तुम्ही अख्ख्या प्रश्नात 'थोरलं' लिहिलंय. एकदाही ती नाही, एकदाही तो नाही. मी दोनदा वाचून खात्री केली. ठरवून केलंत की आपोआप झालं?

आपोआप झालं असेल तर अर्धं काम झालंय. लेकरू, पोर, थोरलं, सगळी नपुंसकलिंगी. जिन्यात मधे एक टप्पा असतो ना दम खायला, तसं वापरा. पण तिथंच चटई अंथरू नका. माझ्या नवऱ्याची आई दोन वर्षं त्याला 'बाळ' म्हणून वेळ मारून नेत होती. त्याला ते कळत होतं.

माझा नवरा ट्रान्स पुरुष आहे, म्हणजे जन्मल्यावर मुलगी म्हणून नोंदला गेलेला पुरुष. मी डोंबिवलीची, बँकेत नोकरी. २०१६ पासून आम्ही एकत्र राहतो, तेव्हा दोघी मैत्रिणी म्हणून राहत होतो. २०१९ मध्ये त्यानं सांगितलं. मला राग आला. त्याचा नाही, आपली जागाच गेल्याचा. आठ वर्षं घरच्यांशी भांडून मी स्वतःला लेस्बियन म्हणायला शिकले होते. आता नवरा आहे म्हटल्यावर मी कोण? हे त्याला विचारायची सोय नव्हती, तो स्वतःच्याच धबडग्यात. आणि त्याच्या घरी सगळ्यांचं एकच, "हिनंच बिघडवलं." तुमच्या थोरल्याच्या आयुष्यात कुणी मुलगी असेल तर तेवढं वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. ते मी अजून विसरले नाही.

कुणाशी बोलावं? टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची 'आयकॉल' नावाची फोनसेवा आहे, तिथं मराठीत बोलता येतं. फोन लावला तेव्हा पहिली दहा मिनिटं मी नुसती रडले, समोरच्या बाईंनी मधे एक शब्द काढला नाही. सरकारची 'टेलि-मानस'ही आहे, १४४१६, फुकट. तुम्हीच करा फोन, थोरल्यासाठी नाही, तुमच्यासाठी. तुमचं रडणं थोरल्यापुढे नको, ते त्यालाच समजूत काढायला लावतं. आमच्यापुढे हवं तेवढं रडा.

आणि काकू, ते क्रेप बँडेज आजच्या आज सोडायला सांगा. श्वासागणिक ते आणखी आवळत जातं, बरगड्यांना इजा होते. त्यासाठी 'बाइंडर' मिळतो, बिनबाह्यांच्या घट्ट बंडीसारखा. मापाचा घ्यायचा, सात-आठ तासांच्या वर घालायचा नाही, झोपताना तर अजिबातच नाही. हे तुम्हाला मोजपट्टी घेऊन बोलता येईल असं आहे, तिथून सुरुवात करा.

पुढं टेस्टोस्टेरॉनची, म्हणजे पुरुषी हार्मोनची, इंजेक्शनं घ्यायची ठरली तर एंडोक्रायनॉलॉजिस्टकडंच (हार्मोनच्या डॉक्टरकडं) जायचं, जिममधल्या कुणाकडून नाही. रक्त नियमित तपासायचं, त्यात हिमोग्लोबिन वाढतं का ते बघतात. आवाज काही महिन्यांत फुटतो आणि फुटला की मागं येत नाही. मूल हवं का, बीजांडं गोठवून ठेवायची का, हे आधी बोलून घ्यावं. भूक मात्र अशी लागते की आमच्याकडं चपात्यांचा हिशेबच बदलला.

---

सरळमार्गी | २९ ऑगस्ट २०२३, सायंकाळी ७.०२

पोरं शिकायला पुण्या-मुंबईला पाठवली की असले उद्योग सुचतात. मोबाइल काढून घ्या.

सुपारी | २९ ऑगस्ट २०२३, सायंकाळी ७.२०

चौथीतली बटणं वाचायची राहिली वाटतं तुमची.

---

जुना_मास्तर | ३० ऑगस्ट २०२३, सकाळी ६.१०

वहिनी, मी नाशिकचा, हायस्कुलात ३१ वर्षं गणित शिकवलं. आमची मुलगी जन्मली तेव्हा सगळ्यांनी मुलगा झाला म्हणून पेढे खाल्ले. आता ती २९ वर्षांची आहे.

त्या डॉक्टरांचं आधी घेतो. "लग्न करा, सरळ होईल" हा उपचार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या नव्या वर्गीकरणात ट्रान्स असणं मानसिक आजारांच्या यादीतून काढून टाकलं, ते २०२२ पासून लागू आहे. आणि लिंगभाव (आपण बाई की पुरुष ही आतली जाणीव) बदलण्यासाठी 'उपचार' करणं हे डॉक्टरचं गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं ऑगस्ट २०२२ मध्ये सगळ्या राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलंय. मद्रास उच्च न्यायालयात एक खटला चालला होता, त्यातून हे आलं. तिथले न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी निकाल देण्याआधी, आपल्याला हा विषय कळत नाही म्हणून स्वतः समुपदेशकाकडं बसून समजून घेतलं आणि तसं आदेशात लिहिलं. मला निकालापेक्षा ते जास्त भावलं. शिकवणाऱ्यानं आपल्याला येत नाही म्हणणं सोपं नसतं, मी उभ्या नोकरीत दोनदाच म्हटलं असेन.

कागद. ट्रान्स व्यक्तींच्या हक्कांचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १५ एप्रिल २०१४ चा, त्यांच्यासाठीचा कायदा २०१९ चा, अंमल १० जानेवारी २०२० पासून. ओळखपत्र जिल्हाधिकारी देतात. त्यासाठी केंद्र सरकारचं पोर्टल आहे. आम्ही २०२२ मध्ये भरलं. अर्ज, फोटो, प्रतिज्ञापत्र, झालं. तेव्हा अंगाची तपासणी नव्हती, ऑपरेशनची अट नव्हती. त्यावर लिंग 'ट्रान्सजेंडर' असं यायचं. नुसतं स्त्री किंवा पुरुष हवं असेल तर वैद्यकीय उपचारांनंतर दुसरा अर्ज, त्याला रुग्णालयाचं प्रमाणपत्र जोडावं लागायचं. नियमात ३० दिवस होते, आम्हाला चार महिने लागले. मी दर सोमवारी जाऊन बाकावर बसायचो, शेवटी कारकुनालाच माझी कीव आली. नंतर आधार, पॅन सुरळीत झालं. शाळेच्या दाखल्यानं मात्र घाम काढला, आणि शाळा ओळखीचीच! अर्ज करताना पोर्टलवरचे चालू नियम बघून घ्या. अर्ज तुमच्या अपत्यानं स्वतः करायचा आहे, आपण फक्त बरोबर जायचं. डबा घेऊन.

त्याच कायद्यात आणखी एक आहे, ट्रान्स व्यक्तीला आपल्या घरच्यांसोबत त्याच घरात राहण्याचा हक्क आहे. तुमच्याकडं ती वेळ नाही, पण भाऊबंद बोलायला लागले तर माहीत असलेलं बरं.

आता तुमचं. पालकांचाच एक गट आहे, 'स्वीकार - द रेनबो पेरेंट्स', २०१७ पासून. ऑनलाइन बसतात. पहिल्या वेळी मी कॅमेरा बंद ठेवून ४० मिनिटं एक अक्षर बोललो नाही, सौ. मागे कांदे निवडत ऐकत होती. दुसऱ्या वेळी तिनंच कॅमेरा लावला. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी याच कामासाठी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला. त्यांनी या विषयावर मराठीत पुष्कळ लिहिलंय, आपल्याला कळेल अशा भाषेत. मुंबईत याच कामाचा हमसफर ट्रस्ट आहेच.

यजमानांना मात्र हे काही वाचायला देऊ नका. बाप माणसाला दुसरा बापच लागतो. माझा नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवलाय. गौरीचं मला विचारू नका, आमच्यात खड्यांच्या असतात.

---

सुपारी | ३० ऑगस्ट २०२३, सकाळी ९.३५

गौरीचं थोरल्यालाच विचारलंत का काकू?

काजबटण | ३० ऑगस्ट २०२३, रात्री १०.५०

नाही हो. ते सुचलंच नाही.

---

काजबटण | २६ सप्टेंबर २०२३, दुपारी २.२०

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला. गौरी-गणपती, त्यात नवरात्राच्या ब्लाउजांची गर्दी.

दुसऱ्याच दिवशी फोन करून विचारलं. एवढा वेळ गप्प, एवढा वेळ गप्प. मग म्हणाला, "आई, गौर नको. शंकरोबा आणू का?" आमच्याकडं गौरीच्या दुसऱ्या दिवशी शंकरोबा, म्हणजे गौरीचा नवरा, येतो. आमच्या घरात तो पोरंच आणतात. मी म्हटलं, आण की.

गौर चुलत जावेच्या मुलीनं आणली. मी पायांवर पाणी घातलं तेव्हा मला भरून आलं, हे इथंच सांगते, घरात नाही सांगितलं. थोरला २२ ला पहाटेच्या गाडीनं आला. धाकट्यानं स्वतःचा पांढरा शर्ट त्याला दिला, तो खांद्यात ढगळ होत होता, मी उभ्या-उभ्या दोन टाचण्या मारल्या. त्यानं शंकरोबा आणला. सासूबाईंना त्याचं नवल वाटलं नाही, त्यांचं लक्ष केसांवर. "एवढं बारीक कापलंस व्हय गं?" एवढंच दिवसभर चार वेळा. त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगायचं की नाही यावर थोरल्याचं आणि माझं जमत नाही.

शेजारच्या काकूंनी कुंपणावरनं विचारलं, "कोण आलंय गं?" मी म्हटलं, "लेकरू आलंय." थोरल्यानं आतनं ऐकलं. रात्री भांडी लावताना म्हणाला, "लेकरू किती दिवस, आई?" दुपारचा_चहा, तुझी आठवण झाली. मी चुकते अजून. दिवसातनं दहा वेळा 'आलीस' येतं तोंडात. त्याचं त्याला फार नसतं, मीच माफी मागत बसते ते आवडत नाही म्हणाला.

बाइंडर त्यानं कुरिअरनं मागवला होता. बघितला. बगलेतली शिलाई अगदी भिकार, कड दुमडून नुसती ओढलेली, कातडी सोलली होती पोराची. मी आतनं सुती पट्टी लावून दिली. बँडेज चुलीत घातलं.

मास्तर, ह्यांनी तुम्हाला फोन केला होता ना? मी दाराआड उभी होते. वीस मिनिटं उसाच्या दरावर बोलले. मला वाटलं, गेलं सगळं. मग तुम्ही काय बोललात माहीत नाही, हे नुसते "हं, हं" करत गोठ्यात गेले, पण फोन चालू ठेवून गेले.

थोरला रविवारी परत गेला. काल गॅसच्या नंबरासाठी ह्यांचा फोन बघत होते. रविवारी रात्री पावणेबाराचा ह्यांचा मेसेज होता, "पोचलास का". खाली त्याचं, "पोचलो."

जिल्हाधिकारी कार्यालयाचं दिवाळीनंतर विचारते. प्रतिज्ञापत्राला किती रुपयांचा स्टॅम्प लागतो?