‘संशयकल्लोळ’चे मूळ नाटक नक्की कोणाचे? आर्थर मर्फीविषयी माहिती हवी आहे

अमळनेरकर

नमस्कार. आमच्या हौशी मंडळाने दिवाळीनंतर देवलांचे ‘संशयकल्लोळ’ करायचे ठरवले आहे. पदे चारच ठेवणार आहोत, कारण गाणारा अश्विनशेठ मिळाला असला तरी गाणारी रेवती आम्हाला अजून सापडलेली नाही. तालमी सुरू होण्याआधीच निमंत्रणपत्रिकेवरून वाद उभा राहिला आहे. ‘मूळ कल्पना : मोलियर’ असे छापावे, असे आमच्या दिग्दर्शकांचे म्हणणे आहे, तर मंडळातले एक जुने सभासद म्हणतात की देवलांनी हे नाटक आर्थर मर्फी नावाच्या आयरिश लेखकावरून घेतले असून मोलियर या फ्रेंच नाटककाराचे नाव केवळ वजन वाढवण्यासाठी लावले जाते.

हा मर्फी कोण होता आणि त्याने आणखी काय लिहिले, हे कोणी सविस्तर सांगू शकेल का? माझा स्वतःचा स्वार्थही सांगून टाकतो. फाल्गुनराव, म्हणजे नाटकातला संशयी नवरा, मी करणार आहे. त्याला निव्वळ हास्यास्पद म्हणून उभा करावा की त्याचा त्रास खरा मानून करावा, हे मला ठरवता येत नाही, आणि मूळ नाटकाच्या लेखकाकडे पाहून काही उमगते का, ते मला पाहायचे आहे.

पांझराकाठ

मी धुळ्यात बरीच वर्षे इंग्रजी शिकवले. मर्फी अभ्यासक्रमात कधीच नसतो, त्यामुळे त्याच्याविषयी कोणी विचारले याचाच आनंद झाला.

आपले जुने सभासद बरोबर आहेत, पण अर्धेच. मोलियरची ‘स्गानारेल’ ही एकांकी प्रहसनिका १६६० ची. तिच्यावरून मर्फीने ‘ऑल इन द राँग’ हे पाच अंकी नाटक लिहिले आणि ते १५ जून १७६१ रोजी लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात रंगभूमीवर आले. त्या उन्हाळ्यात हे नाट्यगृह मर्फी आणि त्याचा मित्र, विनोदी नट सॅम्युअल फूट, यांनी मिळून भाड्याने घेतले होते. देवलांनी या नाटकावरून आधी ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक १८९३ मध्ये केले आणि पुढे त्यात पदे घालून ‘संशयकल्लोळ’ सिद्ध केले. गंधर्व नाटक मंडळीने ते १९१६ मध्ये रंगभूमीवर आणले, आणि देवल त्याच वर्षी वारले.

आता मर्फीविषयी. त्याचा जन्म १७२७ चा, आयर्लंडमधल्या रॉसकॉमन परगण्यातला. शिक्षण मात्र फ्रान्समध्ये झाले, त्यामुळे मोलियर आणि व्हॉल्तेर त्याने मूळ भाषेत वाचलेले होते. लंडनला आल्यावर त्याने १७५२ मध्ये ‘ग्रेज इन जर्नल’ हे साप्ताहिक काढले आणि त्यात नाटकांवर व नटांवर नियमित लिहिले. या साप्ताहिकापायी घडलेला एक किस्सा सांगण्याचा मोह आवरत नाही. अंक भरायला मजकूर कमी पडला म्हणून, फूटने दाखवलेल्या एका फ्रेंच मासिकातली पौर्वात्य कथा त्याने भाषांतर करून छापली, आणि नंतर कळले की ती मुळात इंग्रज लेखक सॅम्युअल जॉन्सनच्याच ‘रॅम्बलर’ या नियतकालिकातली होती. म्हणजे इंग्रजीतली गोष्ट फ्रेंचमधून पुन्हा इंग्रजीत आली होती. खुलासा करायला तो जॉन्सनकडे गेला आणि तिथून दोघांची मैत्री जन्मभर टिकली. रूपांतराच्या प्रवासाची इतकी गंमत ज्याच्या वाट्याला आली, त्याचेच नाटक पुढे मराठीत यावे, हे मला फार आवडते.

१७५४ मध्ये साप्ताहिक बंद पडले आणि डोक्यावर कर्ज होते, म्हणून हा समीक्षक त्याच वर्षी कॉव्हेंट गार्डनमध्ये स्वतःच नट म्हणून उभा राहिला. दोन हंगामांत त्याने ते काम सोडले. पुढे वकिली करायला निघाला, तेव्हा ‘हा नट होता’ म्हणून त्याला आधी दार बंद झाले आणि १७५७ मध्ये लिंकन्स इन या लंडनच्या वकिलांच्या संस्थेने प्रवेश दिला. नाटके तो लिहीतच राहिला. नाटकवेड्या उमेदवार पोरांची टर उडवणारे ‘द अप्रेंटिस’ (१७५६), व्हॉल्तेरच्या विषयावरची ‘द ऑर्फन ऑफ चायना’ ही शोकांतिका (१७५९), ‘द वे टू कीप हिम’ (१७६०), ‘द ग्रीशियन डॉटर’ (१७७२), ‘नो युअर ओन माइंड’ (१७७७) ही त्यातली महत्त्वाची. रोमन इतिहासकार टॅसिटसचे भाषांतर आणि नट गॅरिकचे चरित्र ही उतारवयातली कामे. १८०५ मध्ये तो गेला.

गिरणेचं पाणी

सरांच्या माहितीबद्दल आदर आहे, तरी एक शंका नोंदवतो. बेशुद्ध पडलेल्या तरुणीला आधार देणारा नवरा, ते पाहणारी बायको, खाली पडलेली तसबीर आणि ती बायकोच्या हाती पाहून नवऱ्याने काढलेला अर्थ, हे सगळे यंत्र मोलियरमध्येच पूर्ण आहे. मर्फीने एका अंकाचे पाच केले, एवढेच. पाणी घालून वरण वाढवणाऱ्याला स्वयंपाकाचे श्रेय कोणी देत नाही. चाळीसगावला आम्ही मोलियरची प्रहसने केली आहेत; त्यांत एक वाक्य काढता येत नाही.

पांझराकाठ

वरणाची उपमा मान्य, पण मर्फीने फक्त पाणी घातलेले नाही. मोलियरच्या नाटकातली बायको नवऱ्यावर संशय घेते, तरी नाटक स्गानारेलचे, म्हणजे नवऱ्याचेच राहते. मर्फीने लेडी रेस्टलेस या बायकोला सर जॉन रेस्टलेस या नवऱ्याच्या तोडीस तोड उभे केले आणि बेव्हर्ली-बेलिंडा या प्रेमी जोडीलाही त्याच रोगाची लागण केली. आपल्या मालकांच्या संशयात भरडले जाणारे नोकर त्याने रंगवले. देवलांकडेही फाल्गुनरावाची बायको कृत्तिका ही त्याची सावली नसून बरोबरीची प्रतिस्पर्धी आहे, आणि भादव्या या नोकराची जी ओढाताण होते तिच्यावर अर्धे नाटक हसते. ही मांडणी देवलांना मर्फीकडून मिळाली.

उलट, मर्फीकडे नसलेले देवलांकडे काय आहे, तेही पाहावे. बेलिंडा खानदानी गृहस्थाची मुलगी आहे. देवलांनी रेवतीला मघा नायकिणीची मुलगी केले. १८९३ च्या मराठी घरातली उपवर मुलगी प्रियकराची तसबीर जवळ बाळगून रस्त्यात एकटी चालते, यावर कोणाचाही विश्वास बसला नसता. म्हणून हा बदल सोयीचा होता, हे खरे. पण त्याने अश्विनशेठच्या संशयाला वेगळीच धार आली. नायकिणीच्या मुलीवर अविश्वास दाखवायला समाज आधीच तयार बसलेला असतो, त्यामुळे रेवतीचा राग बेलिंडाच्या रागापेक्षा जास्त खरा वाटतो. नक्षत्रांची आणि महिन्यांची नावे ही तर देवलांचीच मौज.

फाल्गुनरावाच्या प्रश्नाकडे मुद्दामच शेवटी येतो. मर्फीने नट म्हणून पहिल्यांदा रंगभूमीवर पाऊल ठेवले ते शेक्सपिअरच्या ऑथेल्लोच्या, म्हणजे एका रुमालावरून बायकोवर संशय घेऊन तिला मारणाऱ्या नवऱ्याच्या भूमिकेत. सात वर्षांनी त्याने सर जॉन लिहिला. देवलांनी ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ १८९० मध्ये केले आणि तीन वर्षांनी फाल्गुनराव लिहिला. देवल स्वतः नट होते आणि नटांना शिकवणारेही होते. दोघेही रुमालापासून तसबिरीपर्यंत त्याच क्रमाने आले आहेत. यामागे ठरवलेली योजना होती, असे मी म्हणत नाही. परंतु ज्याने बायकोचा गळा दाबणारा संशय आतून अनुभवला आहे, त्याने नंतर लिहिलेला संशयी नवरा पोकळ असणे मला शक्य वाटत नाही. आपण फाल्गुनराव करताना हसवण्याचा प्रयत्न करू नये. त्याला पुरावा सापडतो आहे, आणि प्रत्येक पुराव्याने त्याचे घर खचते आहे, असे मनाशी धरून चालावे. प्रेक्षक हसतील, कारण तसबिरीची खरी हकीकत त्यांना ठाऊक आहे. ती फाल्गुनरावाला ठाऊक नाही, आणि नटानेही ती विसरली पाहिजे.

केळीचा मळा

मी यावल तालुक्यातली. आमच्या महिला मंडळाने या कथेचा पहिला प्रवेश अहिराणीत करून पाहिला होता, त्याचा अनुभव सांगते. कृत्तिकेला खिडकीऐवजी घराच्या धाब्यावर, म्हणजे सपाट छपरावर, कुरडया वाळत घालायला बसवले आणि तिथून तिला खालची गल्ली दिसते, असे केले. रेवतीला भोवळ का येते, हे समजावण्याची गरजच उरली नाही. आमच्याकडच्या वैशाखातल्या दुपारी दोन वाजता कोणीही पडेल. पुढे मात्र अडलो. अहिराणीत नवरा-बायकोचे भांडण इतके मोकळे होते की संशय पोटात ठेवायला जागाच राहत नाही. “कोन से हाऊ?” (कोण आहे हा?) असे तिने एकदा विचारले की नाटक तिथेच संपते. देवलांच्या पात्रांची भाषा घरंदाज आणि आवरलेली आहे, म्हणून तर गैरसमज पाच अंक तग धरतो.

दादा, पत्रिकेवर कोणाचे नाव छापायचे ते छापा, पण तसबीर खरी, चौकटीतली वापरा. मोबाइल नको. मोबाइलमधल्या फोटोखाली नाव येते.

अमळनेरकर

सर, ताई, आपले आभार. चाळीसगावकरांचेही, कारण त्यांच्यामुळे सरांनी दुसऱ्यांदा लिहिले. मंडळाने काल रात्री ठरवले की ‘आर्थर मर्फी यांच्या नाटकावरून’ असे देवलांच्या नावाखाली छापायचे आणि मोलियरचा उल्लेख आतल्या पानावर करायचा. दिग्दर्शक थोडे नाराज आहेत.

तसबिरीच्या प्रवेशाची तालीम आज सरांच्या सांगण्याप्रमाणे केली. मी एकही हशा मागितला नाही. कृत्तिका करणाऱ्या वहिनींनी मध्येच थांबून विचारले, “भाऊजी, तुम्ही खरंच चिडलात का?” मागे बसलेली मुले तेव्हा हसत होती.

एक राहिलेच. सरांकडे ‘ऑल इन द राँग’ची प्रत असल्यास मी रविवारी धुळ्याला येऊन तिची झेरॉक्स काढून नेतो.

पांझराकाठ

प्रत आहे, जीर्ण आहे. झेरॉक्सच्या काचेवर दाबली तर शिवण सुटेल. वही घेऊन या, हवे ते प्रवेश इथेच बसून उतरवून घ्या. निःसंकोच या, मर्फीही काही मनाई करणार नाही. १७७४ च्या ज्या गाजलेल्या खटल्यात लेखन-प्रकाशनाचा हक्क कायमचा कोणाच्या मालकीचा नसतो असे ठरले, त्यात तो त्याच बाजूचा वकील होता.