१७ सप्टेंबरला परत झेंडावंदन का?

वर एकानं विचारलंय की १५ ऑगस्टला झेंडा फडकवतात मग महिन्यानं मराठवाड्यात परत कशाला, तर अहो १५ ऑगस्ट १९४७ ला आमच्याकडं निजामाचंच राज्य होतं ना. तिरंगा २२ जुलैला संविधान सभेनं मंजूर केलेला, पण इथं तो लावला की अटक. निजामाविरुद्धच्या लढ्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ यांनी लावला, त्यांना धरलंच. पोलीस ॲक्शन, म्हणजे भारतीय सैन्याची कारवाई, होऊन निजाम शरण आला तो १७ सप्टेंबर १९४८ ला, म्हणजे आम्ही तेरा महिने मागं.

माझी आज्जी सांगायची, त्यांच्या घरी झेंडा ज्वारीच्या कणगीत तळाला पुरून ठेवलेला, रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूचे हत्यारबंद लोक, आले तरी हात तिथपर्यंत जायचा नाही. शेवटी बाहेर काढला तेव्हा घडीवर टोके, म्हणजे धान्यातले किडे, पडलेले, पण आजोबांनी झटकून तोच काठीला बांधला, नवा आणू दिला नाही.

आणि हो, खादीचा तिरंगा आजही आपल्या नांदेडला शिवतात, त्याचं कापड उदगीरला विणतात, हे आपल्याच पोरांना माहीत नसतं याचं फार वाईट वाटतं. शाळेची ट्रिप एकदा तिकडं न्या की.